हवामान विचारून भामरागडला निघालो, त्याची गोष्ट

मुलाकडचे येतात, पोहे खातात, मुलगी बघतात आणि जातात. मग मुलीकडचे मुलाचं घर बघायला जातात. आमच्या वरोऱ्यात या दुसऱ्या कार्यक्रमाला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. छप्पर गळतं का, पाणी कुठून आणावं लागतं, शेजार कसा आहे, हे सगळं डोळ्यांनी बघायचं आणि मगच होकार द्यायचा. माझ्या बाबतीत अडचण एवढीच होती, की मुलगा भामरागडला नोकरीला होता आणि महिना ऑगस्ट होता.

मुलाचं नाव प्रशांत. घर सिंदेवाहीकडचं, नोकरी गुरांच्या दवाखान्यात. आमच्याकडे पोहे खायला आला तेव्हा मोजकंच बोलला, आणि त्या मोजक्यातलं एक वाक्य होतं, "पावसाळ्यात आमच्या इथला पूल पाण्याखाली जाते, काकाजी." लग्न ठरायच्या आधी असं कुणी बोलतं का? मला तो तिथेच आवडला. बाबांना तो तिथेच खटकला.

"पाण्याखाली जाते म्हणजे? माझी पोरगी बिमार पडली त का पोहत येईन?" बाबांनी त्या रात्री जेवताना विचारलं. आणि मग अट घातली. "आताच जाऊन पाहू. उन्हाळ्यात कोणतंबी गाव चांगलंच दिसते. भर पावसाळ्यात रस्ता चालू दिसला त हो. नाई त विषय बंद."

म्हणजे माझं लग्न एका पुलावर येऊन ठेपलं. पूल वर तर लग्न, पूल पाण्यात तर लग्नही पाण्यात. तेव्हा हवामानाचा अंदाज घेऊन, चार कोरडे दिवस गाठून बाबांना तिथे न्यायचं, हे काम मी स्वतःच्या अंगावर घेतलं. मी इथल्या संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. गावातली अर्धी पोरं माझ्याकडे माउस धरायला शिकली आहेत. मला काय कठीण?

एका संकेतस्थळावर नाव नोंदवलं की हवामानाचा इशारा रोज मोबाईलवर येतो, असं वाचलं होतं. नोंदवायला बसले तर भामरागड नव्हतं. अहेरी नव्हतं. गडचिरोली नव्हतं. सगळ्यात जवळचं ठिकाण होतं नागपूर. नागपूर तर नागपूर. मग कशाकशाचे इशारे हवेत ते विचारलं. मी काही चुकायला नको म्हणून सगळ्या चौकटींवर टिचकी मारली. त्याचा परिणाम असा, की दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मला मेसेज येऊ लागला, आज नागपुरात बर्फवृष्टीची शक्यता नाही.

बाबांचा माझ्या यंत्रणेवर विश्वास नव्हता. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या त्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारणारे. त्यांच्या मते आभाळाला काय कळतं? रस्ता चालू आहे की बंद, ते गाडीला कळतं. अहेरीच्या स्टँडवर त्यांचे जुने मित्र गेडामकाका अजून नोकरीत आहेत. बाबा रोज सकाळी त्यांना फोन लावायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

"भामरागड सुटली का?"

"सुटली."

"टायमावर?"

"टायमावर."

फोन ठेवून बाबा माझ्याकडे असे बघायचे, जसं काही माझ्या संगणकाला त्यांनी चारी मुंड्या चीत केलं. मीही खूश, कारण गाडी रोज सुटत होती.

तिसरी यंत्रणा कमलआत्याची. ही बाबांची धाकटी बहीण. तिला घेतल्याशिवाय आमच्या घरात कुणाचं लग्न जमत नाही आणि तिच्यामुळे मोडलेलीही दोन-तीन आहेत. आत्या रेडिओ ऐकते. "विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस" असं बातम्यांत आलं की ती म्हणते, "तुरळक म्हणजे आपण नाई." तिच्या घरी वाळत घातलेले कपडे कायम भिजलेले असतात.

तर असे तिन्ही बाजूंनी इशारे घेऊन, नागपुरात बर्फ नाही, गाडी वेळेवर सुटते आणि तुरळकमध्ये आपण नाही, एवढं पक्कं करून आम्ही तिघं निघालो.

वरोरा ते चंद्रपूर एसटीने तास-सव्वा तास. चंद्रपूरच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, कारण पुढे जे मिळेल ते भजी आणि फक्त भजी. बल्लारपूरला कागद कारखान्याचा वास आला की खिडक्या लावायच्या आणि कोठारीच्या पुढे उघडायच्या, कारण तिथून जंगल सुरू होतं आणि हवाच बदलते. धानाच्या बांध्यांत बाया रोवणी करत होत्या. गोंडपिपरीला गाडी चहाला थांबली. आष्टीच्या अलीकडे वैनगंगेचा मोठा पूल लागतो. तिथे बाबा चालत्या गाडीत उठून उभे राहिले आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाणी बघून आले.

"खाली हाय," ते म्हणाले. "चांगलं खाली हाय."

"वैनगंगा हाय ना थे, भाऊ," आत्या म्हणाली. "आपल्याले दुसरी नदी पाहाची हाय."

आलापल्लीला पोचेस्तोवर दुपार टळली होती. दोन्ही बाजूंना साग इतका उंच की टोपी सांभाळून वर बघावं लागतं. तिथल्या लॉजमध्ये राहिलो. खोली साधी, चादरी स्वच्छ, भाडं आमच्या खिशाला परवडणारं. बाथरूमचा दिवा मात्र लागत नव्हता, तेव्हा टॉर्च जवळ ठेवा. जेवायला भात, माशाचा रस्सा आणि वास्ते, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. पावसाळ्यात आलात तर ही भाजी सोडू नका. आत्याने तीनदा मागून घेतली आणि तिन्ही वेळा तिखट जास्त झालंय म्हणून नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. आभाळात औषधाला ढग नव्हता. मोबाईलवर मेसेज आला, नागपूर निरभ्र. मी मनातल्या मनात साखरपुड्याची साडी निवडली. आलापल्लीच्या स्टँडवर अहेरीहून भामरागडची गाडी आली आणि तिच्यातून खास आम्हाला भेटायला गेडामकाका उतरले. दोघा मित्रांची गळाभेट झाली. आम्ही सामान घेऊन चढलो. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"तीन भामरागड," बाबा म्हणाले.

"भामरागडचं नाई फाडत, काकाजी. हेमलकश्याचं घ्या. पूल पाण्याखाली हाय."

"गाडी भामरागडची हाय ना? पाटी त भामरागडची हाय."

"पाटी भामरागडचीच हाय," कंडक्टर म्हणाला. "पाटीले पूल लागत नाई."

बाबा तिकीट न घेता खाली उतरले. गेडामकाका पान जमवत उभे होते.

"अबे गेडाम, तू रोज सांगून राह्यला होता ना, गाडी सुटली म्हणून?"

"मंग? सुटतच होती ना."

"पोहोचत होती का?"

"थे तू कधी विचारलं?" गेडामकाका खरंच बुचकळ्यात पडले होते. "तू विचारत होता सुटली का. म्या सांगत होतो सुटली. चार-पाच दिवस झाले, नदीपर्यंत जाते आन वापस येते."

बाबांना राग येणार असं मला वाटलं. पण ते नुसते उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या होत्या. गाडी सुटली की त्यांचं काम संपायचं, पोचल्याचं दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीमागचा माणूस बघायचा. आणि ज्याला फोन लावला तोही गाड्या सोडणाराच. दोघांत मिळून पोचण्याचा विषय निघालाच नाही.

माझ्या मनातली साडी मी परत ठेवली. मला वाटलं आता इथूनच परत. पण बाबा पुन्हा गाडीत चढले आणि कंडक्टरला म्हणाले, "तीन हेमलकसा. इथवर आलोच हाओत त पाहून घेऊ, किती पाणी हाय थे." त्यांच्या आवाजावरून मला कळलं, की नकार पक्का करायलाच ते निघालेत.

आलापल्ली ते भामरागड अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. किलोमीटरवर जाऊ नका, अर्धा दिवस हाताशी ठेवा. वाटेत पेरमिली, ताडगाव, मधूनमधून पोलिसांची तपासणी, आणि रस्त्याच्या खड्ड्यांत बदकं पोहत होती. पेरमिलीच्या पुढे मोबाईलची रेंज गेली. जंगल मात्र असं हिरवं, की मी माझं दुःख विसरून खिडकीबाहेर बघत बसले.

हेमलकश्याच्या पुढे गाडी नदीच्या अलीकडे जाऊन थांबली. रस्ता सरळ पाण्यात शिरत होता आणि बऱ्याच अंतरावर, पलीकडच्या काठावर, पाण्यातून बाहेर निघत होता. मधला पूल कुठे आहे ते फक्त या दोन टोकांवरून ताडायचं. ही पर्लकोटा. गढूळ पाणी, वर फेस, मधूनच एखादं आख्खं झाड वाहत जायचं. आणि डोक्यावर लख्ख ऊन. आत्याने उन्हासाठी पदर घेतला होता.

बाबांनी आभाळाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, परत आभाळाकडे बघितलं. "पाऊस कुठी हाय? मंग हे पाणी कोणाचं?"

"छत्तीसगडचं," कंडक्टर म्हणाला. "तिकडे पडते, खाली संगमावर इंद्रावती भरते, थे हिचं पाणी घेत नाई. मंग हे इथीच चढून राह्यते."

बाबा माझ्याकडे वळले. "तू छत्तीसगडचं नाव नोंदवलं नव्हतं का?"

काठावर एक चहाचं हॉटेल आहे, कुडाच्या भिंती, वर ताडपत्री. चालवणाऱ्या मडावीबाई. त्यांनी सांगितलं, की भामरागडच्या टॉवरची रेंज नदी ओलांडून अलीकडे येते, पण ती हॉटेलमागच्या मोहाच्या झाडाखालीच मिळते. मी मोहाखाली जाऊन प्रशांतला फोन लावला. माझ्याकडे सरकारी कंपनीचं सिम होतं म्हणून लागला. तुम्ही जाणार असाल तर तेच घ्या.

"तुमी आल्या?" तो म्हणाला. एवढंच. मग म्हणाला, "थांबा, काठावर येतो."

पलीकडच्या काठावर तीस-चाळीस माणसं पाणी बघत उभी होती. थोड्या वेळाने त्यांत एक लाल शर्टवाला पुढे आला आणि त्याने दोन्ही हात हलवले. आत्याने लगेच पदर सावरून नमस्कार केला. "उंच हाय जी. घरी आला थेव्हा एवढा नव्हता वाटला. तब्येतबी भरली." बाबांनीही मान तिरकी करून त्याला नीट न्याहाळलं. माझ्या कानाला फोन होता.

"वैशालीजी," प्रशांत फोनमध्ये म्हणाला, "काकाजीले सांगा, थो मी नाई. थो बँकेचा शिपाई हाय, त्याची बायको तुमच्या गाडीत हाय. मी छत्रीवाला."

पलीकडे किमान दहा छत्र्या होत्या. मी तसं सांगितलं. "मंग मी छत्री वरखाली करतो," तो म्हणाला. एक छत्री वरखाली झाली. बाकीच्यांना वाटलं अलीकडून काहीतरी खूण झाली आहे, म्हणून त्यांनीही आपापल्या छत्र्या वरखाली केल्या. बघता बघता आख्खा काठ छत्र्या नाचवू लागला. आत्याने सगळ्यांना मिळून एक नमस्कार घातला.

मग बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मोहाखाली उभं राहून, समोर दिसणाऱ्या माणसाची फोनवर मुलाखत सुरू केली.

"हे असं किती वेळा होते?"

फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. "मोजत नाई जी आमी. पाच-सहा वेळा त होतेच. कधी एका दिवसात उतरते, कधी आठ दिवस लागते."

"आन तवा कोणी बिमार पडलं त?"

"इथी दवाखाना हाय. डॉक्टर हाय. मोठं काही असलं त कठीण जाते, काकाजी. खोटं काऊन सांगू?"

मी मोहाच्या सालीवर नखाने रेघा ओढत होते. याला खोटं बोलता येत नाही हे मान्य, पण थोडं कमी खरं बोलायला काय जात होतं? तेवढ्यात आत्याने फोन हिसकला.

"काऊन जी, पोरगी इतक्या लांबून आली तुमचं घर पाहाले. तिकडे डोंगे दिसून राह्यले काठावर. डोंग्यात बसून या ना इकडे."

"नाई येत, आत्याबाई. पाणी उतरू द्या. उतरलं का येतो."

"भेता का?"

"हो," प्रशांत म्हणाला.

आत्याने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे असं बघितलं, जसा त्यातून विंचू निघाला. "हो म्हणते! तोंडावर हो म्हणते! माझ्या लग्नात पूर आला होता, भाऊ. माझा नवरा पोहत आला होता पोहत!"

"पोहत आला आन बुडाले लागला," बाबा म्हणाले. "म्या आन मामानं दोर टाकून काढला त्याले. हळदीच्या अंगानं दवाखान्यात नेला. तू मांडवात बसून होती, तुले का मालूम."

खरं सांगू? मलाही वाईट वाटलं होतं. डोंग्यात बसायचं कितपत धोक्याचं आहे ते मला दिसत होतं, झाडं वाहत होती डोळ्यांसमोर. तो आला असता तर मीच ओरडले असते. तरी त्याने एकदा "येऊ का?" म्हणून विचारावं आणि मी "नको" म्हणावं, एवढं मला हवं होतं. तो थेट नाहीच म्हणाला.

आता परतायचं. चहा-भजी आटोपून सगळे गाडीत बसलो. गाडी दहा मिनिटं गेली असेल नसेल, आणि मागच्या नाल्यावरही पाणी. येताना ज्यातून टायर जेमतेम ओले करून आलो होतो तो नाला आता नदीचं पाणी मागे चढून रस्ता घेऊन बसला होता. ड्रायव्हरने गाडी थांबवली. दोन-चार उतारू मागून ओरडू लागले, घाला ना, एवढ्याशा पाण्याला काय होते, मागच्या साली घातली होती. ड्रायव्हर कंडक्टरकडे बघू लागला.

तेव्हा बाबा उठले. गाडीच्या मधल्या वाटेत उभे राहिले आणि स्टँडवरचा तो आवाज, जो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, तो काढला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी पाण्यात जाणार नाही. गाडी माघारी हेमलकसा-नदीकाठी जात आहे. पाणी उतरल्यावर गाडी सुटेल." गाडी एकदम चिडीचूप. ड्रायव्हरने मुकाट्याने गाडी वळवली.

परत नदीकाठी आलो. मडावीबाईंनी आम्हाला बघून भाताचं मोठं भांडं चुलीवर ठेवलं. त्या गालातल्या गालात हसत होत्या, कारण हॉटेलात अडकलेल्या माणसांमुळे धंदा बरा होतो. बायका आत, पुरुष गाडीत, अशी व्यवस्था बाबांनीच लावली. पंक्ती पुकारल्या. चहाला रांग लावली. मला म्हणाले, "थो ड्रायव्हर पाह्यला? मनातून भेत होता पण बोलून नाई राह्यला होता. लोकं घाला घाला म्हणतेत, आन हे घालतेत. भेतो म्हणणारा ड्रायव्हर पाहिजे, पण तसा भेटतच नाई." मग म्हणाले, "तुहा थो त सरळ हो म्हणाला."

मी त्यातलं "तुहा" तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाऊस. आता आमचा, छत्तीसगडचा नव्हे. मोबाईलची बॅटरी संपलेली, वीज नाही, म्हणजे मोहाखाली जाऊनही उपयोग नाही. सगळे आत चुलीभोवती बसलेले. मी आत्याची छत्री घेतली आणि काठाकडे निघाले. हॉटेलपासून काठ जवळच आहे, पण ती वाट मला लांब वाटली. पलीकडे आज कुणीच नसणार. पाणी बघायला पावसात कोण येतं? कालचा दिवस त्याने केला तेवढं पुष्कळ झालं, असं मी स्वतःला समजावत चालले होते, आणि समजूत पटत नव्हती.

पलीकडचा काठ रिकामा होता. फक्त पालथ्या घातलेल्या एका डोंग्यावर एक माणूस छत्री घेऊन बसलेला होता. छत्रीच्या टोकाला लाल दुपट्टा बांधलेला. कालच्या घोळानंतर ओळखू यावं म्हणून. त्याने छत्री वरखाली केली. मी आत्याची छत्री वरखाली केली.

दिवसभर मी येत-जात राहिले. कधी चहाचा कप घेऊन, कधी मडावीबाईंची भांडी विसळायच्या निमित्ताने. दरवेळी लाल दुपट्टा तिथेच. एकदा पलीकडे एक माणूस खांद्यावर बकरी घेऊन आला. प्रशांत उठला, छत्री त्या माणसाच्या हाती दिली, बकरीला आडवं पाडलं, बराच वेळ तिच्याशी खटपट केली, सुई दिली बहुतेक, मग छत्री परत घेऊन डोंग्यावर जाऊन बसला. आत्यासुद्धा दोनदा बघून गेली. "भित्रा हाय पण चिवट हाय," ती म्हणाली. बाबा एकदाच आले. बराच वेळ उभे राहिले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. पुलावर चिखल, फांद्या, एक मेलेला साप आणि कुणाची तरी घागर. दोन्हीकडचे लोक चालत निघाले. अशा वेळी चपला हातात घ्या, चिखल त्या ठेवून घेतो. प्रशांत पुलाच्या मध्यावर भेटला. बाबांच्या पाया पडायला वाकला, तर बाबांनी आधी विचारलं, "बकरीले का झालं होतं?"

"पोट फुगलं होतं जी."

"वाचली?"

"वाचली."

बाबांनी मान हलवली आणि मग पाया पडू दिलं.

त्याचं घर म्हणजे कौलारू दोन खोल्या. आत्याने कौलं बघितली, चूल बघितली, भांडी उलटी करून बुडं बघितली. बाबांनी कोठीच्या खोलीत जास्त वेळ घालवला. तांदळाचा ड्रम, डाळ, रॉकेल, मेणबत्त्या, काडेपेट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, औषधांचा डबा. जून ते सप्टेंबर पुरेल एवढं सगळं. जेवायला त्याने स्वतः वरण-भात केला होता. वरण खाली लागलं होतं. आत्याने ते बोलून दाखवलं आणि दुसऱ्यांदा घेतलं.

मला त्याच्याशी बोलायला मिळालं ते ओसरीवर, तेही आत्या तांदूळ निवडण्याच्या बहाण्याने दारात बसलेली असताना.

"काल दिवसभर का बसलात पावसात?"

"तुमी येऊन येऊन पाहून राह्यल्या होत्या," तो म्हणाला. "म्हटलं, आल्यावर कोणी दिसलं पाहिजे."

"डोंग्यात बसून यावं असं मनात तरी आलं होतं का?"

"आलं होतं जी." त्याने जरा विचार केला. "मंग नदी पाह्यली."

दारातून तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

दुपारच्या गाडीने निघालो. संगम राहिला, जंगल नीट बघायचं राहिलं. तुम्ही जाल तर दिवाळीनंतर जा आणि चार दिवस हातात ठेवून जा. परतीच्या वाटेवर पेरमिलीजवळ बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. "माह्याकडून हो हाय," ते म्हणाले. "तारीख उन्हाळ्याची धरू. पण इथी राहाचं तुले हाय, मले नाई. पूल त तसाच राहीन. वरोरा येईपर्यंत विचार कर आन सांग."

मी वरोरा येईपर्यंत विचार केला. क्लास सोडावा लागेल. महिना-महिना घरी येता येणार नाही. आजारपण, बाळंतपण, सगळं त्या पुलाच्या मर्जीवर. यातलं काहीही खोटं नव्हतं आणि पुलाचं तर त्यानेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आलापल्ली, आष्टी, बल्लारपूर मागे पडलं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही तयार झालं नाही. घरी पोचलो. आत्या अंगणातच शेजारणींना पूर सांगू लागली. बाबा आंघोळीला गेले. मी स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसले. आई या सगळ्यात कुठेच आली नव्हती. तिने मुलगा कसा आहे, घर कसं आहे, काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "भेव वाटला का वं, पुराचा?"

"पुराचा नाही वाटला," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर चालले होते ना, तेव्हा वाटला. तो पलीकडे नसला तर, याचा."

आईने माझ्याकडे एकदा बघितलं. "मंग आता विचार कायचा करून राह्यली?" ती म्हणाली आणि कणीक भिजवायला बसली.